झडती

नाशिक रोडला एखाद्या मुलाबद्दल ‘प्रेसमध्ये आहे’ असं सांगितलं, तर तो पत्रकार असेल अशी शंका कोणालाही येत नाही. इथल्या प्रेस दोन. एकीत नोटा छापतात, दुसरीत पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट आणि स्टॅम्पपेपर. एके काळी लग्नाच्या बाजारात प्रेसमधल्या मुलाचा भाव बँकेतल्या मुलापेक्षा वर असायचा. बँकेतला मुलगा नुसत्या नोटा मोजतो, हा तर छापतो, असा वधूपित्याचा हिशेब. छापलेल्यातली एकही घरी येत नाही, हे लग्नानंतर कळायचं.

आमचे अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये होते. पस्तीस वर्षं त्यांनी रोज इतका पैसा पाहिला, की आईनं घरखर्चाला पैसे मागितले की ते ‘आता घरीही तेच का?’ अशा नजरेनं बघायचे. आणि पस्तीस वर्षं, पाळी सुटली की दारावर त्यांची झडती व्हायची. खिसे, पिशवी, जेवणाचा डबा. “उरलेली पोळी उलगडून दाखवलेला माणूस आहे मी,” असं ते आजही सांगतात, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ होते.

आमच्या घराण्यात झडती ही अशी वारसाहक्कानं आली. अण्णांची झडती सरकारनं घेतली. माझी झडती बोटाएवढ्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यानं घेतली. आणि माझ्या मुलाची, यशची, झडती सध्या एक गोळीबाराचा खेळ घेऊ पाहतो आहे. तिघांचा गुन्हा एकच. तिघांनीही काही चोरलेलं नाही.

या सगळ्याला इंग्रजीत कॉपी प्रोटेक्शन म्हणतात. मराठीत ते समजावून सांगणं अवघड आहे, कारण आपल्याकडे कॉपी म्हणजे दहावीच्या परीक्षेत करतात ती. कॉपी प्रोटेक्शन म्हटलं, की परीक्षा केंद्राच्या मागच्या खिडकीखाली उभा राहून, पोलिसांची गाडी दिसली की शिट्टी मारणारा चुलतभाऊ माझ्या डोळ्यांसमोर येतो. कॉपीला इतकं चोख प्रोटेक्शन दुसऱ्या कोणी दिलेलं मी पाहिलेलं नाही.

अण्णांच्या प्रेसचं काम नेमकं उलट. पूर्वी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. १९२५ साली नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ मध्ये नोटांची प्रेस आली आणि पाचव्या जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची नोट इथे निघाली. १९३२पर्यंत हिंदुस्थानातल्या झाडून सगळ्या किमतींच्या नोटा नाशकात छापल्या जाऊ लागल्या. म्हणजे ‘याची नक्कल करून दाखवा’ असं साऱ्या देशाला आव्हान देण्याचं काम आमचं गाव जवळजवळ शंभर वर्षं करतं आहे. अण्णांच्या हाडात ते इतकं मुरलंय, की भाजीवाल्यानं सुटे दिले की ते भर बाजारात दहाची नोटसुद्धा उजेडाकडे धरतात. भाजीवाला म्हणतो, “दहाची कोण खोटी छापेल भो? कागदच महाग पडंल.” अण्णा म्हणतात, “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

पण या कॉपी प्रोटेक्शनची एक गंमत अण्णांनीच मला लहानपणी दाखवली होती. नोटेत काय काय दडवलंय हे सरकार दडवून ठेवत नाही. जलचिन्ह कुठे आहे, तार कुठे आहे, बोट फिरवलं की कुठे खरखर लागते, बारीक अक्षरं कुठे आहेत, सगळं जाहीर. रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी ‘पैसा बोलता है’ नावाची वेबसाइटच काढली. तुम्ही वाचा, मी वाचतो, खोट्या नोटा छापणारानंही चहा घेत वाचावं. वाचून नोट छापता येत नाही. १८८३ साली ऑगुस्त केर्कहॉफ्स नावाच्या भाषापंडितानं सांकेतिक लिपीबद्दल हेच लिहून ठेवलं होतं. कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. लपवायची ती फक्त किल्ली. केर्कहॉफ्स नाशिक रोडला कधी आले नव्हते, पण अण्णांना ते प्रेसमधलेच वाटतात.

आता माझी झडती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, निवडणुकीची पत्रकं आणि ‘दुःखद निधन’. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रीतसर, पावतीसकट विकत घेतलं. त्या पैशांत तेव्हा सेकंडहँड स्कूटर आली असती. सॉफ्टवेअरबरोबर एक लॉक मिळालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोटाएवढा एक ठोकळा. तो संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचायचा आणि त्याच्या मागे प्रिंटर लावायचा. ठोकळा असेल तर संगणकाला मराठी येतं. काढला की संगणक मराठी विसरतो. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टोप्यांचा चिवडा पडद्यावर सांडतो. शहरभर पोरांना मराठी यावं म्हणून आयाबाया धडपडतात. माझ्या संगणकाचं मराठीपण एका ठोकळ्यावर अवलंबून होतं.

त्या ठोकळ्याला मी जितकं जपलं तितकं आमच्या लग्नातल्या अंगठीलाही जपलं नाही. रात्री दुकान बंद करताना तो काढायचा, रुमालात गुंडाळायचा, घरी आणायचा आणि देवघरात ठेवायचा. आणि तिथेच घात झाला. खंडेनवमीला आपण आयुधांची पूजा करतो. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर, पक्कड, आईचा विळा आणि माझं लॉक ओळीनं मांडलं, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. भक्तिभाव इतका, की कुंकू लॉकच्या पिनांत खोलवर गेलं. दसऱ्याच्या मुहूर्तावर संगणक सुरू केला, तर चिवडा.

कंपनीला फोन केला. कोणती कंपनी, ते विचारू नका. चूक आमच्या कुंकवाची होती. ते म्हणाले, जुनं लॉक कुरिअरनं पाठवा, तपासून नवं देऊ. मी विचारलं, तोपर्यंत पत्रिका कशा छापू? ते म्हणाले, लॉकशिवाय चालणार नाही. मी म्हटलं, माझ्याकडे पावती आहे. ते म्हणाले, सॉफ्टवेअरला पावती वाचता येत नाही.

समोर तुळशीची लग्नं, पुढे माणसांची. आणि आमच्याच रस्त्यावर दोन दुकानं सोडून एक गृहस्थ त्याच सॉफ्टवेअरची फोडलेली आवृत्ती वापरत होते. त्यांना लॉक नाही, पावती नाही, देवघर नाही. त्यांचा संगणक अखंड मराठी बोलत होता. शेवटी एका वरपित्याची पत्रिका मी त्यांच्याकडून छापून आणली. छापता छापता ते गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, तुम्ही विकत घ्यायलाच नको होतं.” त्या एका वाक्यात कॉपी प्रोटेक्शनचा सगळा इतिहास आला. कुलूप चोरासाठी बनवतात, आणि त्याची किल्ली हरवते ती मात्र घरमालकाची.

पुढे युनिकोड आलं आणि हा मराठीचा वनवास संपला. आता मी ‘मुक्ता’सारख्या खुल्या फॉन्टांत काम करतो. मुंबईच्या मराठी-अमराठी मंडळींनी तो केला, जगाला फुकट देऊन टाकला, आणि कोणाचं दिवाळंही निघालं नाही. लॉक मात्र मी फेकलेलं नाही. ते अजून देवघरात आहे. अण्णा त्याला अजूनही कुंकू लावतात. आता लावू देतो.

तिसरी झडती सुरू झाली ती विंडोज १०मुळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची देखभाल कंपनीनं थांबवली. विंडोज ११ घ्यायचं, तर संगणकात टीपीएम २.० नावाची चीप लागते. आमचा संगणक धडधाकट होता, पण त्याच्याकडे ती चीप नव्हती. म्हणजे माणूस ठणठणीत आहे, पण जन्माचा दाखला नाही म्हणून पेन्शन बंद, असा सरकारी प्रकार. तेव्हा मी लिनक्स टाकलं. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं ते सुरू केलं आणि जगभरच्या लोकांनी वाढवलं. उघडं आहे, फुकट आहे, आतली प्रत्येक ओळ वाचता येते. नोटेसारखं. अण्णांना सांगितल्यावर ते खूश झाले.

यश खूश झाला नाही. तो सुरुवातीला म्हणाला, “बाबा, काही हरकत नाही. वाईन टाक.”

आमच्या घरात भयाण शांतता पसरली. नाशकात वाईन म्हटलं की डोळ्यांसमोर गंगापूर धरणाकडचा रस्ता आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग येते. बायको स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. यशला पटापट खुलासा करावा लागला, की वाईन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर, १९९३पासूनचं, आणि त्यात अल्कोहोल नसतं. त्यावरच व्हॉल्व्ह नावाच्या कंपनीनं २०१८ मध्ये प्रोटॉन उभं केलं, आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर धावू लागले. २०२२ मध्ये त्याच कंपनीनं स्टीम डेक नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र काढलं. त्याच्या पोटातही लिनक्सच. बायकोनं पळी खाली केली, पण नाव बदलायला हवं होतं हे तिचं मत अजून कायम आहे.

वाईन टाकली. खेळ उतरवला. चाळीसएक जीबी उतरायला रात्र गेली. सकाळी यशनं तो सुरू केला आणि पडद्यावर एक ओळ आली. मराठीत तिचा अर्थ असा, की आमचा पहारेकरी तुमच्या घरात बसू शकत नाही, सबब तुम्ही खेळू शकत नाही.

“कसला पहारेकरी?” अण्णांनी विचारलं. पहारेकरी हा त्यांचा विषय.

“अँटी-चीट, आजोबा. कोणी लबाडी करू नये म्हणून असतो. तो कर्नल लेव्हलला बसतो.”

“कोणत्या रेजिमेंटचा?”

यात अण्णांची चूक नाही. देवळाली कॅम्पात तोफखान्याची शाळा आहे. आमच्याकडे कर्नल म्हटलं की मिशीवाला माणूस दिसतो. यशनं समजावलं, की कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. कीबोर्ड, पडदा, डिस्क, सगळं त्याच्या हुकमात. तिथे जो बसला त्याला संगणकातलं सगळं दिसतं. अण्णांच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळलं असं वाटेना. मग मी दहावीच्या भाषेत सांगितलं.

“अण्णा, परीक्षेला पथकं दोन प्रकारची असतात ना? भरारी पथक येतं, चार बाकं तपासतं, निघून जातं. बैठं पथक पहिली घंटा व्हायच्या आधी येऊन केंद्रावर ठाण मांडतं. जुने अँटी-चीट म्हणजे भरारी पथक. खेळ सुरू झाला की येणार, खेळ संपला की जाणार. नवे म्हणजे बैठं पथक. २०२० मध्ये आलेल्या व्हॅलोरंट नावाच्या खेळाचा व्हॅनगार्ड तर खेळाच्या आधी, संगणक उघडतानाच येऊन बसतो.”

“आणि पोरगं खेळत नसेल तेव्हा?”

“तरी बसलेलाच.”

“आपल्या घरात?”

“आपल्या घरात.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. प्रेसमध्ये नोटेत खोट सापडली की ते असंच करायचे म्हणे.

आता कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी नुसताच लिनक्सवाला रडका ठरेन. लबाडी खरी आहे. यश सांगतो, एका प्रकारच्या लबाडीत नेम आपोआप लागतो. दुसऱ्या प्रकारात भिंतीपलीकडचा माणूस दिसतो. हे दुसरं कौशल्य आमच्या समोरच्या काकूंना कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय अवगत आहे, पण खेळात ते अन्यायाचं. आणि ही परंपरा जुनी. द्यूताला बसताना शकुनीनं फासे कोणाचे आणले होते? स्वतःचे. सगळी लबाडी तिथून सुरू होते, खेळणाऱ्यानं आपल्या घरचं सामान आणलं की.

आणि लिनक्सचं घर कंपन्यांना नेमकं इथेच नडतं. विंडोज म्हणजे अपार्टमेंटमधला फ्लॅट. भिंत पाडायची तर सोसायटीची परवानगी लागते. त्यामुळे वॉचमनला खुर्ची कुठे टाकायची ते नक्की ठाऊक. लिनक्स म्हणजे गावठाणातलं स्वतःचं घर. स्वयंपाकघर उचलून ओसरीवर नेलं तरी कोणी विचारणारं नाही. वॉचमनची अडचण रास्त आहे: मी ज्या भिंतीला टेकून बसलोय ती भिंतच मालकानं रात्रीतून हलवली तर? किंवा मालकानं दारावर माझ्यासारखाच दिसणारा पुतळा बसवला, आणि तोच ‘सब ठीक है’ म्हणत राहिला तर?

म्हणून बरेच वॉचमन पायरीच चढत नाहीत. त्यातही गंमत अशी, की इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच लिनक्सवर प्रोटॉनमधून काम करायची तयारी दाखवली. प्रत्येक खेळाच्या मालकानं आपल्या बाजूनं फक्त परवानगी द्यायची. काहींनी दिली, काहींनी अजून नाही. हे नाशिककराला समजावून सांगावं लागत नाही. पाणी टाकीपर्यंत आलेलं असतं, पाइप दारापर्यंत आलेला असतो, पण वॉलमननं चावी फिरवायची असते. आणि काहींनी फिरवलेली चावी परत बंद केली. एपेक्स लेजंड्स हा खेळ लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनीनं तो तिथे बंद केला. कारण दिलं, की लिनक्सच्या मोकळेपणाचा फायदा लबाड लोक घेतात. मोकळेपणा हा गुण म्हणून शाळेत शिकवतात. इथे तो गुन्ह्याचा पुरावा ठरला. शिवाय स्टीम या खेळांच्या दुकानात २०२५च्या शेवटी लिनक्सवाले शंभरात तिघांच्या आसपास होते. एवढ्या मतांसाठी आमच्या प्रभागात कोणी हँडपंपही बसवणार नाही.

खरं तर एकाच उत्सवाचे दोन प्लॅटफॉर्म ही नाशिकला नवी गोष्ट नाही. सिंहस्थ एकच, पण वैष्णव रामकुंडात आणि शैव त्र्यंबकला कुशावर्तात. भांडणं, मारामाऱ्या झाल्यावर निघालेली ती तडजोड. गोदावरी मात्र दोघांची एकच. २०२७ला येऊन पाहा. आखाड्यांना जे जमलं ते गोळीबाराच्या खेळांना जमत नाही.

पण पहारेकऱ्याला घराच्या गाभाऱ्यात बसवून चोर सापडतात का? इथे अण्णांनी कान टवकारले, आणि यशनं त्याच्या पिढीच्या सुरस कथा सांगितल्या.

२०१८ साली शांघायमध्ये काउंटर-स्ट्राइकची आशियाई स्पर्धा होती. एका भारतीय संघातल्या खेळाडूच्या संगणकावर नेम सुधारणारा लबाड प्रोग्राम सापडला. त्यानं त्या फाइलला नाव काय दिलं होतं? ‘वर्ड डॉट ईएक्सई’. म्हणजे गोळीबार चालू असताना हा गडी जणू रजेचा अर्ज टाइप करतोय. पकडला गेला तो पंच त्याच्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले म्हणून. तो घाईघाईनं पुरावा पुसायला गेला. अगदी भरारी पथक, अगदी तोंडात कोंबलेली चिठ्ठी.

दुसरी कथा २००५ची. सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीडीत नक्कल रोखणारं सॉफ्टवेअर घातलं. सीडी विंडोजमध्ये टाकली की ते गुपचूप खोल जाऊन बसायचं आणि एका ठरावीक खुणेनं सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली अदृश्य करायचं, म्हणजे आपण कोणाला दिसू नये. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळणाऱ्या लबाडांना हे कळलं. त्यांनी आपल्या लबाडीच्या फाइलींना तीच खूण लावली, आणि त्या खेळाच्या पहारेकऱ्याला दिसेनाशा झाल्या. एका पहारेकऱ्याच्या घोंगडीत दुसऱ्याचा चोर लपला. सोनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. लिनक्सवर ती सीडी टाकली तर काय व्हायचं? गाणी वाजायची.

आताचे लबाड तर आणखी पुढे गेले आहेत. ते संगणकात एक कार्ड बसवतात. ते कार्ड खेळाची स्मृती वाचून शेजारच्या दुसऱ्याच संगणकाला कळवतं. पहारेकरी पहिल्या घरात डोळ्यांत तेल घालून बसलेला, आणि कॉपी शेजारच्या घरात चालू. आमचा शिट्टीवाला चुलतभाऊ हे तंत्र ऐकून गहिवरला असता.

आणि गाभाऱ्यात बसवलेल्याचा पाय घसरला तर? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या पहारेकऱ्याला सकाळी एक चुकीचा हुकूम गेला. तो खेळांचा नव्हे, कचेऱ्यांचा पहारेकरी. पण बसायची जागा तीच. जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. अक्षर सुवाच्य होतं असं म्हणतात.

ऐकता ऐकता अण्णा म्हणाले, “तेलगी.”

यशला तेलगी वेब सिरीजमुळे माहीत. अण्णांना तो शेजारच्या प्रेसमुळे माहीत. तेलगीनं स्टॅम्पपेपर खोटे छापले, पण त्यासाठी कोणतीही गुप्त खूण फोडली नाही. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रंच लिलावातून त्याच्या हाती लागली. “जलचिन्ह हरलं नाही,” अण्णा म्हणाले, “भंगारवाला जिंकला. पुढच्या दारात पोळ्या उलगडल्या जात होत्या, आणि मागच्या दारानं मशीन जात होतं.”

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. यशनं संगणक बंद करायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

“पस्तीस वर्षं माझी झडती झाली,” ते म्हणाले, “मला कधी वाईट वाटलं नाही. का? नोटा सरकारच्या, कारखाना सरकारचा, दार सरकारचं. त्यांच्या दारात त्यांनी मला तपासलं. पण घरी येऊन कोणी आमचं कपाट उघडलं नाही. रात्री कोणी उशाशी येऊन बसलं नाही. तुझ्या खेळवाल्यांचा कारखाना कुठे आहे?”

“त्यांचा सर्व्हर असतो, आजोबा. सगळे खेळाडू तिथेच जोडलेले असतात.”

“मग झडती तिथे घ्या म्हणावं. भिंतीपलीकडचा माणूस पोराला दिसू नये असं वाटतं ना? मग तो समोर येईपर्यंत त्याचा पत्ता पोराच्या घरी पाठवता कशाला? आम्ही नोटा कामगारांच्या घरी ठेवायला दिल्या असत्या आणि मग घरोघर पहारेकरी बसवले असते, तर लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं.”

यश माझ्याकडे बघत राहिला. खेळ बनवणाऱ्या मोठमोठ्या अभियंत्यांमध्ये ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालले आहेत, त्याचं निम्मं उत्तर आजोबांनी डब्यातल्या पोळीवरून दिलं होतं. उरलेलं निम्मं अवघड आहे, हे यशनं प्रामाणिकपणे सांगितलं. सगळं सर्व्हरवर तपासायचं तर खर्च वाढतो, खेळ अडखळतो, आणि आपोआप नेम धरणारा लबाड आणि खरोखरच चांगला नेमबाज यांत दुरून फरक कळणं कठीण. अण्णा म्हणाले, “अवघड असेल. नोट छापणं काय सोपं होतं?”

तो खेळ यशनं शेवटी काढून टाकला. आता तो काउंटर-स्ट्राइक खेळतो. ते लिनक्सवर सरळ चालतं. त्याचा पहारेकरी गाभाऱ्यात न शिरता ओसरीवर बसतो. तिथे लबाड नाहीत का? आहेत, आणि यश रोज रात्री त्यांच्या नावानं खडे फोडतो. पण तो म्हणतो, गल्लीत क्रिकेट खेळतानाही एक जण आऊट झाला की बॅट घेऊन घरी जायचाच; म्हणून आपण सगळ्यांच्या घरी पंच बसवले नव्हते.

एक काम मी वाचकांवरही सोपवतो. पुढच्या वेळी पाचशेची नोट हातात आली, की ती जरा तिरकी करून बघा. मधली हिरवी तार निळी दिसेल. मग डाव्या-उजव्या कडेवरून अंगठा फिरवा. पाच उंच रेघा लागतील, डोळे नसलेल्यांनाही कळाव्यात म्हणून ठेवलेल्या. तीन पिढ्यांत मी पाहिलेलं हे एकच कॉपी प्रोटेक्शन, जे चहाच्या टपरीवर चालतं, विमानतळावर चालतं, कोणत्याही संगणकाशिवाय चालतं, आणि तुमच्या कपाटात काय आहे ते विचारत नाही. नाशिक रोडला छापतात.